जुन्या प्रिंटरवर पाठपोट छपाई: गठ्ठा नेमका कसा उलटायचा?

निळी_शाई

घरच्या जुन्या प्रिंटरवर पाठपोट छापायचं आहे. यंत्र आपणहून कागद उलटवत नाही. त्यामुळे आधी विषम पानं छापायची, मग तोच गठ्ठा परत घालून सम पानं, इथपर्यंत समजलं आहे. गाडी अडते ती त्यानंतर. कधी पान ३ च्या पाठीवर भलतंच पान येतं, तर कधी क्रम बरोबर असतो पण मागचा मजकूर खाली डोकं वर पाय. जिथे विचारावं तिथे "गठ्ठा उलटा करून घाला" एवढंच उत्तर. अहो पण कसा उलटा? वहीचं पान उलटतो तसा, भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटतो तसा, की नुसता जागच्या जागी फिरवून? फाइल पीडीएफ आहे, १७५ पानांची. कागद वाया घालवायची हौस आता फिटली आहे.

खटपट्या

सगळ्या प्रिंटरांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही, म्हणून तर जो तो मोघम सांगतो. दोन गोष्टींवर सगळं ठरतं: कागद कुठून आत जातो, आणि छापून बाहेर येताना छापलेली बाजू वर असते की खाली. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, विंडोज की मॅक, हे सगळं नंतर. तुमचा इंकजेट आहे का लेसर? कागद मागच्या उभ्या फीडरमधून जातो की पुढच्या ट्रेमधून?

निळी_शाई

इंकजेट. कागद मागून उभा जातो, पुढे सरळ बाहेर येतो. छापलेली बाजू वर.

सुटसुटीत

वर्डमधून छापत असाल तर एवढा विचार करायची गरजच नाही. प्रिंटच्या पानावर 'मॅन्युअली प्रिंट ऑन बोथ साइड्स' निवडा. एक बाजू झाली की तो स्वतःच थांबतो आणि कागद परत घाला म्हणून सांगतो.

खटपट्या

सांगतो खरा, पण कसा घाला ते सांगत नाही ना! तुमचा कागद कोणत्या वाटेने जातो हे वर्डला काय माहीत. शिवाय यांची फाइल पीडीएफ आहे.

निळी_शाई, कागदाच्या वाटेचे साधारण तीन प्रकार असतात, त्यांत तुमचा सगळ्यात सोपा. विषम पानं नेहमीच्या क्रमाने छापा: १, ३, ५... कागद छापील बाजू वर करून एकावर एक पडत जातात, म्हणजे पान १ तळाला आणि शेवटचं पान सगळ्यात वर. आता हा गठ्ठा जसाच्या तसा उचला. पाने वेगळी करू नका, क्रम बदलू नका. मागच्या फीडरमध्ये ठेवताना कोरी बाजू तुमच्याकडे आणि छापील बाजू प्रिंटरच्या पाठीकडे. मजकुराची वरची कड खाली, म्हणजे पहिल्या वेळी जी कड आधी आत गेली तीच पुन्हा आधी आत जाईल.

असं केलं की पान १ चा कागद आपोआप सगळ्यात पुढे येतो, आणि फीडर पुढचा कागद आधी ओढतो. त्यामुळे सम पानंही सरळ क्रमानेच छापायची: २, ४, ६... रिव्हर्सला हात लावायचा नाही. सगळं झालं की पूर्ण गठ्ठा एकदा पालथा करा, पान १ वर येईल. पानं लावत बसायचं काम नाही.

लेसरवाली

थांबा हो, हे वाचून कुणी लेसरवर करायला जाईल आणि पस्तावेल. माझ्याकडे जुना लेसर आहे. कागद पुढच्या ट्रेमधून जातो, आत वळसा घेतो आणि वरच्या बाजूला पालथा पडतो. त्यावर दोन्ही वेळा सरळ क्रमाने छापलं तर शेवटच्या पानाच्या पाठीवर पान २ येतं.

खटपट्या

बरोबर, येणारच. लेसरमध्ये कागद पालथे पडतात, म्हणजे पान १ तळाला, तोंड खाली करून. सगळ्यात वर शेवटचा कागद, त्याची कोरी बाजू तुमच्यासमोर. पुढच्या ट्रेमध्ये कागद ठेवताना जी बाजू वर तीच छापली जाते. म्हणजे गठ्ठा पालथा करायचाच नाही, कोरी बाजू वर आहेच. फक्त जागच्या जागी अर्धा फेरा द्यायचा, कारण बाहेर येताना मजकुराची वरची कड तुमच्याकडे येते आणि पुन्हा आत जाताना तीच आधी जायला हवी. आता सगळ्यात वर शेवटचा कागद असल्यामुळे तोच पहिल्यांदा ओढला जाणार. म्हणून सम पानं उलट्या क्रमाने, 'रिव्हर्स' करून. शेवटी पान २ छापून होतं तेव्हा त्याच्या पाठीवरचं पान १ वर तोंड करून गठ्ठ्याच्या माथ्यावर येतं. गठ्ठा तयार.

लेसरवाली

आणि पानांची संख्या विषम असेल तर?

खटपट्या

निम्म्या लोकांचं घोडं इथेच पेंड खातं. समजा ९ पानं आहेत. विषम ५ कागद, सम पानं ४ च. लेसरवर उलट्या क्रमाने पान ८ आधी छापलं जाणार, पण सगळ्यात वर बसलाय पान ९ चा कागद. मग ८ जातं ९ च्या पाठीवर आणि तिथून खाली सगळी रांग एकेका घराने सरकते. म्हणून दुसऱ्या फेरीआधी तो वरचा कागद काढून बाजूला ठेवायचा आणि शेवटी गठ्ठ्याच्या तळाला सरकवायचा. निळी_शाईंच्या प्रकारात ही भानगड नाही, त्यांचा पान ९ चा कागद सगळ्यात मागे असतो. २, ४, ६, ८ झाले की तो फीडरमध्ये आपला उभाच राहतो, उचलून घ्यायचा.

पुढचा_ट्रे

आणि माझं काय? इंकजेट आहे, पण कागद पुढच्या ट्रेमधून जातो आणि त्याच ट्रेच्या वर बाहेर येतो. छापील बाजू वर. ट्रेमध्ये मात्र छापायची बाजू खाली ठेवावी लागते.

खटपट्या

हा तिसरा प्रकार, जरा तिरपागडा. इथेही गठ्ठा पालथा करायचा नसतो. छापील बाजू वर ठेवली की कोरी आपोआप खाली, आणि यंत्राला तेच हवं आहे. अर्धा फेरा मात्र द्यायचा. क्रमाचं असं: पहिल्यांदा विषम पानं सरळ छापली तर शेवटचा कागद वर येतो, दुसऱ्या फेरीत सम उलट्या क्रमाने छापावी लागतात आणि हाती येणारा गठ्ठा उलट्या क्रमाचा. मग बसा एकेक पान लावत.

त्यापेक्षा विषम पानंच उलटी छापा: ९, ७, ५, ३, १. आता पान १ वर. तसाच गठ्ठा अर्धा फेरा देऊन ट्रेमध्ये, आणि सम पानं सरळ: २, ४, ६, ८. शेवटी पूर्ण गठ्ठा पालथा केला की क्रम लागलेला असतो. ९ चा कागद ट्रेच्या तळाशी उरतो.

सुटसुटीत

एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा पाठपोट छापणारा नवा प्रिंटर घ्यावा माणसाने.

लेसरवाली

तुमचा सल्ला पोचला, सुटसुटीत. चालणारं यंत्र केवळ कागद उलटवत नाही म्हणून टाकून द्यायचं, हे मला पटत नाही. लक्षात ठेवायला कशाला हवंय? एकदा चाचणी घेऊन एका चिठ्ठीवर "सम पानं उलट, कोरी बाजू वर, अर्धा फेरा" एवढं लिहायचं आणि झाकणावर चिकटवायचं. माझ्या प्रिंटरवर आहे. घरातलं कुणीही छापतं, मला हाक मारत नाही.

कोरा_कागद

चाचणीची माझी पद्धत सांगतो. खटपट्यांचं सगळं मान्य, पण आपल्या यंत्रावर पडताळून घेतलेलं बरं. ५ पानांची एक फाइल करा. प्रत्येक पानावर पानाचा आकडा मोठा टाका आणि पानाच्या माथ्यावर 'वर' असा शब्द. मुद्दाम ५, म्हणजे शेवटच्या कोऱ्या पाठीचा प्रश्नही त्यातच कळतो. ट्रेमध्ये तीन कागद घालण्याआधी प्रत्येकाच्या वर दिसणाऱ्या बाजूला, आधी आत जाणाऱ्या कडेजवळ पेन्सिलीने बारीक फुली करा. मग विषम पानं छापा आणि बघा: फुली छापलेल्या बाजूला आली की मागे? मजकुराच्या डोक्याशी आहे की पायाशी? एका फुलीत दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. फुली मागे गेली तर ट्रेमध्ये छापायची बाजू खाली असते, छापील बाजूला असेल तर वर. पुढे गठ्ठा कसा घालायचा हे कुणाला विचारायला नको.

निळी_शाई

फुलीची युक्ती झकास आहे. केली. खटपट्या म्हणाले तसंच निघालं, सरळ-सरळ. पण एक विचित्र गोष्ट झाली. पहिल्या वेळी विषम पानं ५, ३, १ अशी आली. मी रिव्हर्स कुठेच केलेलं नव्हतं.

खटपट्या

प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये बघा. 'लास्ट पेज फर्स्ट' किंवा 'रिव्हर्स ऑर्डर' अशा नावाची खूण केलेली असेल. कागद छापील बाजू वर करून पडतात त्या यंत्रांत अशी सोय असते, एकतर्फी छपाई वाचायच्या क्रमाने मिळावी म्हणून. ती काढून टाका. आणि ड्रायव्हरमध्ये एकदा आणि पीडीएफच्या प्रिंट खिडकीत एकदा, असं दोन्हीकडे रिव्हर्स असेल तर उलट्याचं पुन्हा सुलट होतं, तेव्हा माणूस पार चक्रावतो. रिव्हर्स करायचं ते एकाच ठिकाणी, दुसरी जागा कायम मोकळी.

सुटसुटीत

बरं, मस्करी पुरे. सम-विषम कुठे कुठे निवडता येतं ते मी सांगतो, म्हणजे माझ्या सल्ल्याची भरपाई होईल. अॅक्रोबॅट रीडरमध्ये 'ऑड ऑर ईव्हन पेजेस' आहे, 'रिव्हर्स पेजेस' आहे, आणि सोबत पानांची मर्यादाही देता येते. मॅकच्या प्रिंट खिडकीत 'पेपर हँडलिंग' मध्ये सम-विषम आणि क्रम दोन्ही मिळतात. क्रोममध्ये फक्त सम किंवा फक्त विषम छापता येतं, पण उलटा क्रम नाही, आणि ठरावीक पानांपुरतं सम-विषमही नाही, कारण दोन्ही एकाच यादीतले पर्याय आहेत. तिथे पानांचे आकडे हाताने लिहावे लागतात: १,३,५,७... फोनवरून छापताना बहुतेक वेळा हेच करावं लागतं. वर्डच्या ऑप्शन्समध्ये 'अॅडव्हान्स्ड' च्या खाली छपाईचा भाग आहे, तिथे पुढची आणि मागची बाजू कोणत्या क्रमाने छापायची याच्या दोन खुणा आहेत. लेसरवाल्यांनी तिकडे एकदा डोकावावं.

कोरा_कागद

यात एक मेख आहे. सम-विषम ठरतं ते फाइलमधल्या मोजणीवरून, पानावर छापलेल्या आकड्यावरून नाही. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका धरून फाइलमधलं पाचवं पान 'पान १' असू शकतं. मर्यादा देताना फाइलचा आकडा बघा.

लेसरवाली

निळी_शाई, १७५ पानं एका दमात छापायला घेऊ नका. कागद दोन एकदम ओढले गेले की पुढचा सगळा गठ्ठा वाया, आणि जुन्या प्रिंटरवर हे कधी ना कधी होतंच.

निळी_शाई

मग कसं करू?

लेसरवाली

४०-४० पानांचे तुकडे करा, म्हणजे २० कागद. १ ते ४० विषम, मग १ ते ४० सम. नंतर ४१ ते ८०. तुकडा सम पानावर संपत असल्याने मधे कोरी पाठ येत नाही. शेवटचा तुकडा १६१ ते १७५ चा, कागद ८, फक्त तिथे १७५ ची पाठ कोरी. आणि दुसऱ्या फेरीच्या वेळी ट्रेमध्ये फक्त तेवढेच कागद ठेवा. खाली कोरे कागद पडून राहिले आणि एखादा कमी पडला तर यंत्र बिनदिक्कत कोऱ्यावर छापतं आणि आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

निळी_शाई

पहिला तुकडा छान झाला. दुसऱ्यात तुम्ही म्हणालात तेच झालं. ६५ च्या मागे ६६ बरोबर, पण ६९ च्या मागे ६८ आलं. ६७ कोराच. लगेच रद्द केलं, तोवर ७१ च्या मागे ७० छापून झालं होतं.

खटपट्या

लगेच रद्द केलंत ते बरं केलंत. झालं असं की ६५ आणि ६७ चे कागद चिकटून एकदम गेले. पुढच्या ६५ वर ६६ छापलं गेलं, मागचा ६७ नुसता फिरून आला. त्यानंतर प्रत्येक पाठ एका कागदाने पुढे.

वाया गेले फक्त ६९ आणि ७१ चे कागद. ६७ शाबूत आहे, पाठ कोरी आहे. ६९ आणि ७१ नव्या कागदावर छापा, मग तीन कागद ६७, ६९, ७१ असे लावून ६८, ७०, ७२ छापा. फीडरमध्ये उरलेले ७३ ते ७९ तसेच बाहेर काढा आणि त्यांच्यावर ७४ ते ८० ची सम पानं घ्या. सगळा तुकडा पुन्हा छापायची गरज नाही.

कोरा_कागद

पण कागद कशामुळे चिकटले ते बघा. इंकजेटवर पहिली बाजू ओलसर असतानाच दुसरी छापायला घातली की होतं. चित्रं किंवा गडद रंग असतील तर जास्तच. गठ्ठा पंख्याखाली नको, कागद उडून क्रम जाईल. सुटा करून टेबलावर ठेवा. परत घालण्याआधी चारही कडांनी गठ्ठा बोटांनी फुलवा, दोन्ही टोकं धरून थोडा वाकवा, म्हणजे मधे हवा जाते. मग टेबलावर ठोकून कडा एकसारख्या करा. फीडरची बाजूची पट्टी कागदाला टेकेल इतकीच, आवळायची नाही. आवळली की कागद मधे फुगतो, सैल सोडली की तिरका जातो.

लेसरवाली

लेसरमध्ये शाई ओली नसते, तिथे तक्रार वेगळी. फ्युजरच्या, म्हणजे पूड वितळवून कागदावर बसवणाऱ्या तापत्या भागाच्या उष्णतेने कागदातला ओलावा उडतो आणि कागद गुंडाळी घेतो. टोकं वर उचललेली असतील तर दुसऱ्या फेरीत तीच अडकतात. गार होऊ द्यायचा, उलट्या बाजूने हलकेच वाकवून सपाट करायचा आणि मगच घालायचा. पावसाळ्यात उघडं राहिलेलं रिम दमट होतं, ते पहिल्याच फेरीत वेडंवाकडं येतं. उरलेला कागद त्याच्या वेष्टणात गुंडाळून ठेवावा.

पुढचा_ट्रे

कागद किती जाड घ्यावा? माझ्याकडे ७० जीएसएम आहे, मागचं पुढे दिसतं.

लेसरवाली

पाठपोट करायचं असेल तर ७५ किंवा ८०. ७० वर लेसरचं निभावतं, इंकजेटची शाई मात्र झिरपते. ७० च वापरायचा असेल तर ड्रायव्हरमधली 'ड्राफ्ट' छपाई निवडा, शाई कमी पडते.

खटपट्या

आणि रोलर पुसा. जुन्या प्रिंटरचा कागद ओढणारा रबरी रोलर धुळीने आणि वयाने गुळगुळीत होतो, मग कधी एकही कागद ओढत नाही, कधी दोन ओढतो. प्रिंटर बंद करून, प्लग काढून, धागे न सुटणारं कापड पाण्याने किंचित ओलं करून रोलर फिरवत पुसायचा. वाळू द्यायचा. लेसर असेल तर नुकतंच छापून झाल्यावर आत हात घालू नका, फ्युजर चांगलाच तापलेला असतो.

निळी_शाई

६७ ते ८० दुरुस्त झालं. धन्यवाद खटपट्या, लेसरवाली. रोलर पुसल्यावर कागद एकेक जातो आहे. मधेच एक शंका. १४० नंतर काही पानं आडवी आहेत, मोठे तक्ते. त्यांचं काय होईल?

कोरा_कागद

वेगळं काही करू नका. बाकीच्या पानांबरोबर छापली की आडव्या तक्त्याच्या पाठीमागचा आडवा तक्ता, कागद कॅलेंडरसारखा वर उलटला तर सरळ दिसेल, बाजूला उलटला तर उलटा. बांधणी डाव्या उभ्या कडेला असेल तर वाचताना वही आडवी धरून पानं वर उलटायची, सगळं सरळ येतं. पूर्ण फाइलच आडवी असेल आणि डावीकडच्या आखूड कडेने बांधायची असेल तरच गठ्ठ्याला जादा अर्धा फेरा द्या.

पुढचा_ट्रे

मग पुस्तिकेचंही तसंच का? ए४ मधे दुमडून ए५ ची पुस्तिका करायची आहे.

कोरा_कागद

हो, पुस्तिकेला तो जादा अर्धा फेरा लागतो, कारण कागद आडवा छापला जातो आणि आखूड कडेभोवती उलटतो. अॅक्रोबॅट रीडरमध्ये 'बुकलेट' निवडा, त्यात आधी 'फ्रंट साइड ओन्ली', मग 'बॅक साइड ओन्ली'. पानं ४ च्या पटीत मोजा, कमी असतील तर शेवटी कोरी येतील. १६ पानांच्या पुस्तिकेला ४ कागद. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि १५. १ च्या मागे २ सरळ आलं की फेरा बरोबर बसला. आधी एकच कागद छापून बघा.

पुढचा_ट्रे

बघितलं. २ उलटं आलं.

कोरा_कागद

तुमच्या ट्रेला नेहमीच्या छपाईतच अर्धा फेरा लागतो. त्यात हा जादाचा धरला की पूर्ण फेरा, म्हणजे फिरवायचंच नाही. ट्रेवर पडला तसाच उचलून आत ठेवा.

पुढचा_ट्रे

आता सरळ आलं. उरलेले तीन कागद छापायला टाकतो.